कॉफीच्या चोथ्याचा पुनर्वापर

कॉफीचा चोथा म्हणजे भाजून दळलेल्या कॉफीचा अर्क गरम पाण्यात उतरल्यानंतर उरणारा ओला गाळ होय. उपाहारगृहे आणि इन्स्टंट कॉफीचे कारखाने यांतून तो मोठ्या प्रमाणावर निघतो. कचराभूमीत हवेविना कुजल्यास त्यातून मिथेन वायू बाहेर पडतो. चोथ्यात उरलेले कॅफीन, टॅनिन व क्लोरोजेनिक आम्ल कोवळ्या रोपांना अपायकारक ठरतात. कुत्र्यांनी तो खाल्ल्यास त्यांना कॅफीनची विषबाधा होऊ शकते.

खत म्हणून वापर

चोथ्यात नत्र असल्यामुळे तो थेट कुंडीत टाकण्याची पद्धत रूढ आहे; मात्र ती तितकीशी हिताची नाही. मेलबर्न येथील हार्डग्रोव्ह व लिव्हस्ली यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ताजा चोथा मिसळलेल्या मातीत ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल इत्यादींची वाढ खुंटली. जमिनीचा प्रकार बदलून किंवा खताची जोड देऊनही हा परिणाम टळला नाही. त्यामुळे केवळ नत्राची कमतरता हे त्याचे कारण मानता येत नाही. तणांची वाढही कमी झाली, हा त्यातील उपयोगी भाग. चोथा अतिशय आम्लधर्मी असतो, हा समजही पूर्णपणे खरा नाही, कारण बरीचशी आम्ले पेयातच उतरतात.

पालापाचोळ्यासोबत कुजवल्यास त्याची विषारकता कमी होते. ढिगात चोथ्याचे प्रमाण साधारणतः पाचव्या हिश्श्याहून अधिक ठेवू नये, अशी शिफारस केली जाते. धिंगरी अळिंबीही चोथ्यावर वाढवता येते.

इंधन व बांधकाम

वाळलेल्या चोथ्यात सुमारे १० ते १५ टक्के तेल असते. इन्स्टंट कॉफीच्या अनेक कारखान्यांत चोथा बाष्पकासाठी जाळला जातो. २०१३ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या बायो-बीन या कंपनीने त्यापासून जळाऊ ओंडके तयार केले. २०२३ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी चोथा ३५० अंश सेल्सिअसला प्राणवायूविना तापवून त्याचा कोळसा केला. काँक्रीटमधील १५ टक्के वाळूऐवजी तो वापरल्यावर काँक्रीटची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढली.

इतर विषारी कृषी अवशेष

एरंडीचे तेल काढल्यावर रायसिन हे जहाल विष पेंडीत उरते, कारण ते तेलात उतरत नाही. रायसिन हे प्रथिन असल्याने पुरेशा उष्णतेने निष्प्रभ होते. एरंडीची पेंड सेंद्रिय खत म्हणून वापरली जाते. जनावरांच्या तोंडी मात्र ती लागू देऊ नये.

कोकण व गोव्यातील काजू कारखान्यांत उरणाऱ्या टरफलांतील तेल कातडीवर फोड आणते. काजू व बिब्बा एकाच कुळातील असल्याने हे नवल नाही. या तेलातील अ‍ॅनाकार्डिक आम्ल तापवल्यावर त्याचे कार्डेनॉल बनते आणि ते रंग, राळ व वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरांसाठी वापरले जाते.