छोटा ॲम्प्लिफायर आणि ‘क्लीन’ या विशेषणाचा इतिहास

काही विशेषणे फार उशिरा जन्माला येतात. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा तो कुणाच्याही लेखी ‘मूकपट’ नव्हता. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, बोलपट ही वेगळी वस्तू झाली, आणि मग आधीच्या साऱ्या चित्रपटांना त्यांचे मौन नावानिशी चिकटले. विद्युत गिटारच्या जगात ‘क्लीन टोन’ या शब्दाचे असेच आहे. ज्या काळी सगळे वादन ‘क्लीन’ असावे अशीच अपेक्षा होती, त्या काळी या विशेषणाची कुणाला गरज नव्हती. नाद ‘मळवण्याची’ हौस निर्माण झाली आणि मग न मळलेल्या नादाला नाव द्यावे लागले.

हे सारे आठवण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आम्ही काही सहकारी कवितावाचनाचे घरगुती ध्वनिमुद्रण करीत असतो आणि वाचनाच्या मागे गिटारची विरळ साथ असते. त्यामुळे ‘क्लीन टोनसाठी आणि घरी ध्वनिमुद्रण करण्यासाठी छोटा ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा?’ हा प्रश्न गिटार वाजवणारे विद्यार्थी आम्हांला विचारतात, आणि आम्हांलाही तो पडतो. या प्रश्नाला मिळणारी उत्तरे बहुधा वॅट आणि रुपये यांत असतात. आमच्या मते हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे. ‘छोटा’, ‘क्लीन’ आणि ‘घरी’ हे तिन्ही शब्द तीन वेगवेगळ्या काळांत घडले, आणि बराच काळ ते एकमेकांच्या विरोधात होते.

आरंभ हवाईयन गिटारपासून करावा लागतो. १९२० नंतरच्या अमेरिकेत या वाद्याची मोठी लाट होती. मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे हे वाद्य वाद्यवृंदात बुडून जाई. १९३२ साली जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या कंपनीने चुंबकीय पिकअप बसवलेले ‘फ्राइंग पॅन’ हे वाद्य बाजारात आणले. तारेचे कंपन विजेत बदलले, पण ती वीज फार क्षीण. तिला मोठे करणारी पेटी सोबत हवीच. म्हणजे ॲम्प्लिफायर हा विद्युत गिटारचा उपांगभूत सरंजाम नव्हे, वाद्याचा अर्धा भाग आहे. तंबोऱ्याचा भोपळा वेगळ्या खोलीत ठेवता आला असता तर त्याची जी स्थिती झाली असती, तीच या पेटीची आहे. चार्ली ख्रिश्चनने १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वृंदात प्रवेश केला आणि १९४२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. गिब्सन कंपनीचे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या बळावर गिटार सॅक्सोफोनप्रमाणे एकेरी स्वरांत बोलू शकते हे त्याने एवढ्या अल्प काळात सिद्ध केले. त्याचा नाद आज ऐकला तर किंचित जाडसर, कडेने विरघळलेला वाटतो. त्याला हवी होती ती मात्र ऐकू येण्याची हमी. नादाचा ‘रंग’ हा त्या हमीबरोबर आपसूक आलेला भाग होता.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक प्रामुख्याने वेस्टर्न स्विंग वाजवणारे. त्यांना नृत्यगृहातल्या गोंगाटावर चढणारा, पण न फाटणारा नाद हवा होता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या लेखी फाटका नाद म्हणजे बिघाड. फेंडर यांचे मोठे ॲम्प्लिफायर वर्षागणिक अधिक ताकदवान होत गेले ते या एकाच ध्यासापायी, आणि १९६३ च्या ‘ट्विन रिव्हर्ब’मध्ये सुमारे ८५ वॅट आणि बारा इंची दोन स्पीकर इथपर्यंत तो पोचला.

या घराण्यातले शेंडेफळ म्हणजे १९४८ सालचा ‘चॅम्पियन ८००’, पुढच्या वर्षीचा ‘चॅम्पियन ६००’ आणि त्यातून पुढे झालेला ‘चॅम्प’. हा शिकाऊ मुलांसाठी केलेला स्वस्त माल होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चॅम्पमध्ये व्हॉल्व्ह तीनच: एक आरंभीच्या वर्धनासाठी, एक शेवटच्या वर्धनासाठी आणि एक विजेचे रूपांतर करण्यासाठी. पुढे एकच खुंटी, तीही आवाजाची. ताकद सुमारे पाच वॅट. मोठ्या खुंट्यांचे श्रीमंत ॲम्प्लिफायर रंगमंचावर जावेत आणि हा मुलाच्या खोलीत राहावा, अशी उत्पादकांचीच वाटणी होती. बालसाहित्याला दुय्यम समजणाऱ्या आपल्या वाङ्मयीन व्यवहाराची येथे आठवण होते. पण तो विषय वेगळा.

आता थोडे यंत्राच्या आत पाहू. व्हॉल्व्हच्या ताकदीपलीकडे ध्वनिलहर मोठी करू गेले की लहरीचा माथा छाटला जातो. हा छाटलेला माथा म्हणजेच डिस्टॉर्शन. गिटारची तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी लहर फार उंच उसळते आणि मग झपाट्याने उतरते. क्लीन टोनसाठी जास्त ताकद लागते ती या पहिल्या क्षणासाठी. म्हणून रंगमंचावर, ड्रमच्या शेजारी, पाच वॅटचा ॲम्प्लिफायर क्लीन राहूच शकत नाही. ‘छोटा’ आणि ‘क्लीन’ यांचे वैर हे असे.

या वैराचा फायदा घेणारे लोक निघाले आणि इतिहासाने वळण घेतले. १९५१ साली मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’चे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा विली किझार्टच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर फाटलेला होता, तो कसा फाटला याच्या कथा अनेक आहेत, पण आत कागद कोंबून काम भागवले गेले आणि तो खरखरीत नाद तसाच तबकडीवर उतरला. १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रे याने स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. १९६४ साली इंग्लंडात डेव्ह डेव्हिस याने एका क्षुल्लक, छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरवर वस्तऱ्याचे पाते चालवले आणि ‘यू रिअली गॉट मी’चा तो प्रसिद्ध नाद मिळवला. तेरा वर्षांत बिघाडाचा अलंकार झाला. भाषेतल्या अपभ्रंशाला व्याकरणकारांनी आधी दोष म्हणावे आणि कवींनी त्यातच पुढे महाकाव्ये रचावीत, तसा हा प्रवास आहे. याच काळात ‘क्लीन’ ही दोन शक्यतांपैकी एक झाली, म्हणजे निवड झाली.

मात्र निवड झाल्यावर ‘क्लीन’ म्हणजे निर्मळ, पारदर्शक, यंत्राचा हात न लागलेले, असा एक गैरसमज रूढ झाला. त्याला आमचा ठाम विरोध आहे. चॅम्पसारखा एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर हळू आवाजातही मूळ स्वरात वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळतो; आपल्याला तो वेगळा ऐकू येत नाही, नाद ‘भरीव’ वाटतो इतकेच. १९६३-६४ नंतरच्या काळ्या मुखपट्टीच्या फेंडरमध्ये टोनच्या खुंट्या मध्यावर ठेवल्या तरी चारपाचशे हर्ट्झच्या आसपास खळगा असतोच. गिटारचा स्पीकर सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकवतच नाही. याउलट, गिटार थेट संगणकाला जोडून मुद्रित केले तर खरोखरच पारदर्शक नाद मिळतो, आणि तो बहुतेकांना कोरडा, टोकदार, नकोसा वाटतो. ज्याला आपण क्लीन म्हणतो ती एक शैली आहे. साध्या गद्यासारखी ती कमावलेली असते.

‘घरी’ या तिसऱ्या शब्दाचा इतिहास लेस पॉलपासून धरावा. हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःच्याच वादनाचे थर एकावर एक चढवले आणि १९४८ साली ‘लव्हर’ प्रसिद्ध झाले. १९५१ साली मेरी फोर्डसह केलेले ‘हाउ हाय द मून’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. पण लेस पॉल हा स्वतः यंत्रे घडवणारा माणूस. सामान्य वादकाच्या घरात ध्वनिमुद्रण शिरले ते १९७९ साली, टास्कॅमच्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या साध्या कॅसेटवर चार मार्ग देणाऱ्या यंत्रामुळे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर, दोन साध्या मायक्रोफोनांनिशी, ‘नेब्रास्का’ची गाणी मुद्रित केली. ती वाद्यवृंदासाठीचा कच्चा खर्डा होती. शेवटी तो खर्डाच प्रसिद्ध झाला.

व्यावसायिक स्टुडिओंना मात्र छोट्या ॲम्प्लिफायरचे मर्म आधीच कळले होते. १९७० साली मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत एरिक क्लॅप्टनने ‘लायला’ ध्वनिमुद्रित केले तेव्हा तेथे चॅम्पच्या वर्गातले छोटे ॲम्प्लिफायर वापरले गेले. मायक्रोफोन स्पीकरपासून चार बोटांवर असतो. त्याला मैदान भरणाऱ्या ताकदीशी कर्तव्य नाही. आठ इंची स्पीकरला खर्ज कमी, ही उणीव ध्वनिमुद्रणात गुण ठरते, कारण ती जागा बास गिटारची असते. ड्रम नाही, नृत्यगृह नाही, अशा खोलीत पाच वॅटचा ॲम्प्लिफायरही क्लीन राहतो. ‘छोटा’ आणि ‘क्लीन’ यांचे वैर घराने असे मिटवले.

दुसरी एक धारा ट्रान्झिस्टरची. जपानच्या रोलंड कंपनीचा ‘जेसी-१२०’ १९७५ साली आला. दोन स्पीकर, प्रत्येकी ६० वॅट. एकातून मूळ नाद आणि दुसऱ्यातून स्वरात किंचित हेलकावणारा नाद, आणि दोहोंचे मिश्रण खोलीतल्या हवेत. हा ॲम्प्लिफायर फाटायलाच तयार नसतो. व्हॉल्व्हच्या भक्तांना तो थंड वाटतो. आम्हांला त्या थंडपणात एक सभ्यता दिसते. त्याच घराण्यातला साडेसहा इंची दोन स्पीकरांचा ‘जेसी-२२’ आता घरासाठी मिळतो. यामाहाने २०११ च्या सुमारास आणलेल्या ‘टीएचआर’ मालिकेमागची कल्पनाही बोलकी आहे: वादकाचा पहिला ॲम्प्लिफायर रंगमंचावरचा, दुसरा सरावाचा, आणि हा तिसरा, घरातला. शिकाऊ मुलासाठी म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या पेटीला सत्तर वर्षे उलटण्याच्या आत स्वतःची स्वतंत्र जात मिळाली.

आता निवडीकडे. वॅटचे आकडे फसवे आहेत, हे आधी सांगायला हवे. आवाज दुप्पट जाणवायला ताकद सुमारे दहापट लागते. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ५ वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. पाच वॅटसुद्धा सदनिकेत पुरेसे होतात, शेजारी असल्यास जास्तच. दुसरे, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. दुकानात मोठ्या आवाजात भरदार वाटलेला ॲम्प्लिफायर रात्री दहा वाजता घरात किरटा वाटतो तो यामुळेच. ज्या आवाजात वाजवायचे त्याच आवाजात तो दुकानात ऐकावा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

आमच्या कामात गिटारच्या पुढे माणसाचा आवाज असतो. उच्चारातल्या स्वरांचा भरणा तीनशे ते आठशे हर्ट्झच्या पट्ट्यात मोठा असतो, आणि फेंडर घराण्याच्या क्लीन टोनमधला तो खळगा नेमका तिथेच येतो. कवितेच्या शब्दांना बसायला जागा तयार मिळते. ट्रेबल मात्र उतरवावी, नाहीतर तारांची चमक ‘स’, ‘श’, ‘च’ यांच्यावर येते. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यावर रोखला तर नाद टोकदार आणि कडेकडे सरकवला तर मवाळ. आम्ही कडेला ठेवतो.

चॅम्पबद्दल एवढे प्रेमाने लिहूनही आम्ही तो सुचवत नाही. त्याचा एकच पॉवर व्हॉल्व्ह विजेची घरघर थेट स्पीकरपर्यंत नेतो, आणि आपल्याकडच्या पुरवठ्यावर ती शंभर हर्ट्झच्या आसपास, मंद्रात, सतत लागून राहते. (अमेरिकेतून आणलेला जुना नग असेल तर तो १२० व्होल्टचा असतो, ट्रान्सफॉर्मरविना जोडल्यास घरघर ऐकण्याइतकाही वेळ मिळणार नाही.) वाद्यवृंदात ही घरघर बुडून जाते. कवितेत प्रत्येक विरामात ती ऐकू येते. १९६४ सालचा ‘प्रिन्स्टन रिव्हर्ब’ आणि त्याच्या आजच्या आवृत्त्या, बारा ते पंधरा वॅटच्या आणि दहा इंची स्पीकरच्या, दोन पॉवर व्हॉल्व्ह समोरासमोर चालवतात आणि त्यांत विजेच्या पुरवठ्यातली ही घरघर बरीचशी परस्परांत जिरते. ज्याला व्हॉल्व्हचा रंग हवा आणि खर्च परवडतो त्याने हा घ्यावा. ज्याला ओळींच्या मधली शांतता रंगापेक्षा मोलाची वाटते त्याने जेसी-२२ घ्यावा. आमच्यात या बाबतीत एकमत नाही, आणि सध्या दोन घरांत दोन पेट्या आहेत.