मातीची पाळ आणि तिची राखण

गोव्याचा माणूस बिदरला जातो तो बहुतेक वेळा महमूद गवानचा मदरसा पाहायला. 1472 साली याच बहमनी वजिराने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला होता, त्यामुळे बिदरशी आपले नाते तसे जुने आहे. मीही त्याच ओढीने गेलो होतो. मदरसा पाहिला, किल्ला पाहिला, आणि किल्ल्याच्या भिंतीत जांभा दगड दिसला तेव्हा घरी आल्यासारखे वाटले. बिदरचे पठार आपल्यासारखेच जांभ्याचे. पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि खालच्या काळ्या कातळापाशी अडतो. पंधराव्या शतकात हे ओळखून नौबादजवळ जमिनीखालून लांबलचक बोगदा खोदला गेला आणि ते झिरपलेले पाणी शहराकडे आणले गेले. त्याला कारेज म्हणतात. तिथले लोक 'सुरंग बावी' म्हणतात.

पण या लेखाचा विषय किल्ला नाही आणि कारेजही नाही. बिदरमधल्या एका स्नेह्याने मला आपल्या मामांना भेटायला खटकचिंचोळीकडे नेले. हे भालकी तालुक्यातले गाव, कलबुर्गी जिल्ह्याच्या बाजूला. 'चिंचोळी' म्हटल्यावर मला आधी पणजीतले चिंचोळे आठवले. चिंचेच्या झाडांनी किती गावांना नावे दिली असतील! हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1956 च्या भाषावार रचनेत बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात राहिली. घराघरांतली मराठी मात्र कुठे गेली नाही. मामा माझ्याशी मराठीत बोलत होते, गड्याशी कानडीत आणि बैलाशी दोन्ही भाषांत.

शेताकडे जाताना वाटेत मातीची एक पाळ लागली. दोन उंचवट्यांच्या मध्ये ओढा अडवलेला, आतल्या अंगाला दगड लावलेले, मागे थोडेसे पाणी. मी गोव्याचा. तळे म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर करमळी, कुडतरी येते. मी विचारले, "मामा, याचा कालवा कुठं आहे?"

मामा हसले. "पाहुणे, ह्याला कालवा नाही. वर दिसतंय ते पाणी थोडंच. खरं पाणी खाली विहिरीत आहे."

मराठवाड्यातला वाचक असता तर त्याला हे सांगावे लागले नसते. असल्या तळ्याला पाझर तलाव म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी अडवायचे, ते हळूहळू जमिनीत मुरू द्यायचे आणि खालच्या अंगाच्या विहिरींतून उपसायचे. तलाव मार्चमध्ये कोरडा पडला तरी तो वाया गेला असे नाही, पाणी मुरले की त्याचे काम झाले. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि तोही लहरी. हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्याशा पाळीचे मोल कळते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात असे असंख्य तलाव दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी खोदले आणि भरले. रोजगार हमी योजना त्याच काळात आकाराला आली. माती वाहणाऱ्या बायका आणि कामावर मिळणारी सुकडी, यांची आठवण सांगणारी माणसे अजून भेटतात.

परंपरा अर्थात त्याहून जुनी आहे. बाराव्या शतकातले शिवशरण सिद्धराम, ज्यांना आपण सोलापूरचे सिद्धेश्वर म्हणून ओळखतो, त्यांची कीर्ती तळे बांधणारा संत अशीच आहे. पुढे ते इथून जवळच्या कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांच्या मंडळात गेले. त्याच सोलापूरजवळ इंग्रजांनी 1871 साली एकरूखचा तलाव पुरा केला. त्याची मातीची भिंत सुमारे 21 मीटर उंच आहे आणि लांबी दोन किलोमीटरहून जास्त. दीडशे वर्षे ती उभी आहे. तेव्हा माती म्हणजे कच्ची, हा आपला समज काही खरा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गेली, पण तेरणेवरचे माकणीचे मातीचे धरण फुटले नाही.

मग मातीचे धरण फुटते कशाने? भिंतीच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. दोन्ही अंगांना मुरमाचा भराव असतो, तो गाभ्याला धरून ठेवतो. आतल्या बाजूचे दगड लाटांपासून भिंत राखतात. एका बाजूला, भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली, सांडवा असतो. जादा पाणी तिथून निघून गेलेच पाहिजे, कारण दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तर ती बहुधा टिकते, मातीची भिंत मात्र काही तासांत कापली जाते. 12 जुलै 1961 ला पुण्याजवळ पानशेतला हेच घडले. धरणाचे काम अपुरे होते. पाणी सोडण्याच्या मोरीवरची माती खचली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी पाणी माथ्यावर चढले आणि पुणे बुडाले.

दुसरे मरण पोटातून येते. भिंतीतून थोडे पाणी झिरपतेच, त्यात गैर काही नाही. पण ते पाणी आतली माती घेऊन बाहेर येऊ लागले की भिंतीत नळी तयार होते, नळीचे भगदाड होते. उंदीर-घुशींची बिळे, खेकड्यांची बिळे, पाळीवर वाढलेल्या वेड्या बाभळीची कुजलेली मुळे, या सगळ्या त्या नळीच्या सुरुवाती.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवऱ्याचे छोटे मातीचे धरण फुटले. भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर राज्याचे तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरले. महाराष्ट्रभर त्यावर हसू झाले आणि संतापही.

मी मात्र हसलो नाही. आपल्या खाजन शेताचे बांध ज्याने पाहिले आहेत त्याला खेकडा ठाऊक असतो. चिखलाच्या बांधाला तो भोके पाडतो, खारे पाणी आत येते, शेत नासते. शतकानुशतके हे असेच आहे. म्हणून तर गावकरीने बांधांची आणि मानशीची राखण हे गावाचे काम मानले, त्यासाठी गावाच्या उत्पन्नातून पैसा काढला. 1526 च्या 'फोराल'मध्ये पोर्तुगीजांनी गावकरीच्या चालीरीती नोंदवून घेतल्या, तेव्हाही ही व्यवस्था जुनीच होती. खेकडे तेव्हाही होते. बांध टिकले, कारण भोक दिसले की ते बुजवणे कोणाचे काम आहे हे ठरलेले होते. मुक्तीनंतर कूळ कायदा आला, बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे गेली. कसणाऱ्याला न्याय मिळाला हे चांगलेच झाले, पण अनेक ठिकाणी बांध ना धड गावकरीचा राहिला ना संघाचा, आणि तिथली शेते खारी झाली. तेव्हा दोष खेकड्याला देता येत नाही.

देशात आता धरण सुरक्षा कायदा आहे, 2021 चा. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी त्याने सक्तीची केली. पण तो लागू होतो 15 मीटरहून उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरच्या धरणांपैकी लांबी, साठा वगैरे अटींत बसणाऱ्यांना. दहा मीटरच्या खालची पाळ या कायद्याच्या हिशेबात नाही. मोठ्या धरणाला निदान अभियंता असतो, नोंदवही असते. छोट्या पाळीखाली मात्र एखादी वाडी असते, आणि पाळीकडे पाहणारा कोणी असेलच असे नाही. उलट, फूटभर पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर दगड किंवा पोती रचणारे उत्साही लोक असतात. भिंतीची सगळी सुरक्षितता त्या फूटभरात असते, हे त्यांच्या गावी नसते.

मी मामांना विचारले, ही पाळ कोण पाहतं?

"कोण पाहणार? रान खाली आमचंच आहे," ते म्हणाले. मोठा पाऊस झाला की ते कंदील, म्हणजे आता टॉर्च, घेऊन पाळीच्या मागच्या अंगाला जातात. पायथ्याशी पाणी झिरपते तिथे ओंजळ भरून घेतात.

"निवळ असलं तर घरी येऊन झोपायचं. गढूळ असलं की गाव उठवायचं."

धरणशास्त्राच्या पुस्तकातही याहून वेगळे सांगितलेले नाही. एवढेच की मामा आता सत्तरीच्या पुढे आहेत, मुलगा हैदराबादला नोकरीला आहे आणि खालच्या अंगाला चार घरे नवी झाली आहेत. परतताना मी पाळीच्या मागे उतरून पाहिले. एका जागी जमीन ओली होती. ओंजळ भरण्याइतके पाणी नव्हते, बोटे तेवढी भिजली. पाणी निवळ होते.