साथीचा कायदा आणि नगरपालिकेचा गाडा

साथीच्या रोगाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा तीन माणसांचा सांगतो: रोगजंतू हुडकून काढणारा शास्त्रज्ञ, जीव धोक्यात घालून शुश्रूषा करणारा वैद्य आणि हुकूम सोडणारा अधिकारी. ह्या तिघांच्या मागे आणखी एक व्यवस्था उभी असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गटारे कोणी उपसावयाची, रोग्याला कोणत्या वाहनातून न्यावयाचे, ठेवावयाचे कोठे, आणि तो दगावलाच तर त्याला अग्नी किंवा माती कोठे द्यावयाची, हे प्रश्न अखेर गावच्या नगरपालिकेच्या दारात येऊन पडतात. बीड जिल्ह्यावर २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत कोरोनाची आपत्ती आली, तेव्हा हेच प्रश्न फार तीव्र रूपाने पुढे आले. पण त्यांचा विचार करावयाचा तर प्रथम सव्वाशे वर्षे मागे, मुंबईस जावे लागेल. कारण बीडमध्ये ज्या कायद्याच्या बळावर हुकूम निघाले, तो कायदा मुंबईच्या प्लेगच्या पोटी जन्मास आला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोगी तपासताना डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी, हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेगच होय, असे निदान केले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे ह्या रोगाचे जंतू यर्सिनने ओळखले होते. परंतु हे जंतू माणसाच्या अंगी शिरतात कसे, ते त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. उंदरांवरील पिसवांचा संबंध सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने १८९८ साली दाखविला, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी सुमारे दहा वर्षे जावी लागली. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. उंदरांना तेथे काय कमी? पण अधिकाऱ्यांची नजर उंदरांवर नव्हती. ओल, अंधार, दुर्गंधी आणि दाटी ह्यांतून रोग उपजतो, अशी त्यांची समजूत होती. तिला अनुसरून म्युनिसिपालिटीने समुद्राच्या पाण्यात कार्बोलिक मिसळून ते गटारांतून सोडले, भिंतींना चुना फासला, छपरावरची कौले काढून खोल्यांत ऊन घेतले, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगविली. आज ह्या खटाटोपाला हसणे सोपे आहे. पण ज्यांना शत्रू कोठे दडला आहे हेच कळले नव्हते, त्यांनी सगळे रान झोडपले ह्यात नवल ते काय?

खरा पेच निराळाच होता. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याच्या आधारे जाहीरनामा काढला. त्याअन्वये कोणाच्याही घरात शिरण्याचा, आणि प्लेगचा रोगी आढळल्यास त्याला बळाने उचलून इस्पितळात नेण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीने आपल्या हाती घेतला. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. तेथे माणसे मारून त्यांची मोमियाई काढतात, असे ते कानांनी ऐकत होते. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. (हेच पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले, आणि २०२० मध्ये मुंबईतील कोरोनाचे पहिले रोगी तेथेच दाखल झाले.) हल्ल्यानंतर लगेच स्नोसाहेबांनी आपला हुकूम सौम्य केला.

ह्या माघारीचे कारण त्यांनी आपल्या अहवालात दिले आहे, आणि माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणात तेच सर्वांत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दंग्यापेक्षा अधिक भीती त्यांना वाटत होती ती हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील ह्याची. शहरातून माणसांचा लोंढा आधीच बाहेर पडू लागला होता. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ वस्ती असलेल्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. व्यापारी गेला, कारकून गेला, गिरणीवाला गेला, तरी शहर कसेबसे तग धरील. पण मैला वाहणारा गेला तर आठवड्याभरात शहर राहण्याच्या लायकीचे उरणार नाही, हा हिशेब कमिशनरने मांडला. ज्या माणसांना शहराने आपल्या वस्तीच्या अगदी कडेला ढकलले होते, त्यांच्याच हाती शहराचा प्राण आहे, हे कबूल करावयास प्लेग यावा लागला.

सरकारला मात्र ही माघार दुबळेपणाची वाटली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा म्हणावा तर अगदी इवलासा. मूळची कलमे अवघी चार. पहिल्यात नाव आणि व्याप्ती. दुसऱ्यात, नेहमीचे कायदे अपुरे आहेत अशी खात्री झाल्यास सरकारला वाटेल ती तात्पुरती उपाययोजना करण्याची मुभा. तिसऱ्यात, हुकूम मोडणाऱ्यास तत्कालीन दंडविधानाच्या १८८ व्या कलमान्वये शिक्षा. चौथ्यात, सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण. इस्पितळे किती असावीत, गाड्या कोणी द्याव्यात, खर्च कोणी सोसावा, अडवून ठेवलेल्या माणसाने खावे काय, ह्यांविषयी त्यात एक अक्षर नाही. सत्ता सगळी आहे. साधन एकही नाही.

मार्च १८९७ मध्ये मुंबईत ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या हाती प्लेग कमिटीची सूत्रे आली आणि म्युनिसिपालिटी मागे पडली. पुण्यात रँडसाहेबांच्या कमिटीने गोरे सोजीर घरोघर धाडले; त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे, तेव्हा त्याचा विस्तार करीत नाही. त्याच साथीत, १० मार्च रोजी, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्या आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरकडे जो दवाखाना उघडला होता, तो कोणत्याही कलमाखाली उघडलेला नव्हता, एवढे मात्र येथे नमूद केले पाहिजे.

बीड तेव्हा खालसा मुलखात नव्हते, निजामाच्या राज्यात होते; त्यामुळे ब्रिटिश सरकारचा हा कायदा तेथे आपोआप लागू होत नव्हता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यात आले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. अशा रीतीने मुंबईच्या प्लेगसाठी झालेला कायदा बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पोचला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच पुन्हा काढला. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होताच. ह्या दुसऱ्या कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. हुकूम त्यांचा निघतो, आणि शहरात तो अमलात आणण्याचे काम बहुतांशी नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याकडे येते.

बीडची अडचण इतर जिल्ह्यांहून वेगळी होती. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९. पण ही सगळी माणसे बारा महिने जिल्ह्यात नसतात. दसरा-दिवाळी उलटली की लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोने मिळून तोडावयाचे. ह्या जोडप्यालाच 'एक कोयता' म्हणतात. फडाजवळ कोपी बांधून राहावयाचे आणि उन्हाळ्यात हंगाम संपला की गावी परतावयाचे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली तेव्हा ही माणसे फडातच होती. जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, नाक्यांवर पोलीस बसले, अनेक गावांनी आपल्या वेशीही अडविल्या. रोग बाहेरून येतो, तेव्हा बाहेरच्याला आत घेऊ नये, हा सरळ हिशेब. पण येथे बाहेरचा म्हणजे कोण? ज्याचे घर, म्हातारे आईबाप आणि शिधापत्रिका गावात आहे, तोच वेशीवर परका ठरला.

सुरुवातीच्या आठवड्यांत जिल्ह्यात रोगी अगदी तुरळक होते, आणि ह्या नाकेबंदीचे त्यात काही श्रेय आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण ज्यांच्या जिवावर ती टिकली, ते फडात थांबलेले ऊसतोड मजूर होत. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने त्यांना घरी परतण्याची परवानगी दिली. राज्यातील ३८ साखर कारखान्यांच्या निवाऱ्यांत तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार मजूर होते. हा हुकूम तेवीस दिवस उशिरा निघाला खरा. तरीही त्यात एक गोष्ट अशी होती की जी १८९७ च्या कायद्यात नव्हती. मजुरांची वैद्यकीय तपासणी कारखान्याने करवावी, आणि त्यांना कुटुंबासह गावी पोचविण्यासाठी वाहनाची तजवीजही कारखान्यानेच करावी, असे त्यात सांगितले होते. गाडी कोणाची, हे कागदावर आले. लाखो माणसांच्या परतीचा प्रश्न त्यामुळे निदान सुटण्याजोगा झाला.

दुसऱ्या वर्षी असा कागद निघाला नाही. अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव, योगेश्वरीचे क्षेत्र. तेथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांतल्या रोग्यांसाठी ते उभारले गेले, आणि शेजारच्या जिल्ह्यांतील माणसेही तेथे येतात. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा साऱ्या परिसरातील अत्यवस्थ रोगी तेथेच आणले गेले. म्हणजे मृत्यू झाले ते अंबाजोगाईच्या हद्दीत. मृत माणूस कोणत्याही गावचा असो, कोरोनाने गेलेल्यास अग्नी देण्याचे काम अंबाजोगाई नगरपालिकेवर आले. स्मशानाची सोय ठेवणे हे नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, हे खरे. परंतु ती सोय एका तालुक्याच्या गावाच्या मृत्यूंच्या मानाने केलेली असते, साऱ्या परिसराच्या नव्हे.

गावातील नेहमीच्या स्मशानात हे अंत्यविधी करण्यास आसपासच्या रहिवाशांनी हरकत घेतली. त्यांना निर्दय म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आर्थर रोडवर चालून गेलेल्या कामगारांना जी भीती होती, तिचीच ही दुसरी जात होती. नगरपालिकेने मांडवा रस्त्यावर, गावापासून सुमारे दोन किलोमीटरवर दुसरी जागा शोधली. ती लहान होती. ६ एप्रिल २०२१ रोजी तेथे एकाच मोठ्या चितेवर, अंतरा-अंतराने ठेवून, आठ मृतदेहांना अग्नी देण्यात आला. ही वार्ता देशभर पसरली आणि नगरपालिकेची छी-थू झाली. तिच्या कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत जे केले, ते त्यांच्या जागी उभे राहून पाहावयास कोणी गेले नाही. पित्याला मुलगा, नवऱ्याला बायको जवळ जाऊ शकत नव्हती. तेव्हा लाकडे रचणारे आणि अग्नी देणारे हात पालिकेच्या नोकरांचे होते. ज्यांच्या पळून जाण्याची भीती स्नोसाहेबांना वाटली, त्यांच्याच जातकुळीचे हे हात. आणि ते पळाले नाहीत.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २५ एप्रिल रोजी, त्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयातून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत एकावर एक भरून स्मशानात पाठविण्यात आले. ज्यांनी तो प्रकार पाहिला, ते हादरून गेले. आता दोष कोणाचा, ह्यावर वाद सुरू झाला. रुग्णालयाने साधनांच्या तुटवड्याकडे बोट दाखविले, आणि पालिकेचे म्हणणे असे की मृतदेह रुग्णालयाबाहेर आणून पोचविणे हे रुग्णालयाचे काम. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नव्हते. मधले दोन किलोमीटर कोणाचे, हे मात्र कोठल्याच हुकुमात लिहिलेले नव्हते. जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी लावली. तेव्हा रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी जो खुलासा केला तो असा, की पहिल्या लाटेत रुग्णालयाकडे पाच रुग्णवाहिका होत्या. लाट ओसरल्यावर त्यांतील तीन काढून घेण्यात आल्या, आणि त्या तीन परत मिळाव्यात असे पत्र त्यांनी मार्च महिन्यातच दिले होते.