खाण, ठाणे आणि जाब: भरवेलीच्या मुलखातला उत्तरदायित्वाचा इतिहास

बालाघाट शहराजवळच्या भरवेलीत सरकार दोन रूपांत भेटते. एक रूप मॅंगनीजच्या खाणीचे, दुसरे पोलीस ठाण्याचे. खाण केंद्र सरकारच्या मॉइल कंपनीची असून तिचे मुख्यालय नागपूरला आहे. ठाणे मध्य प्रदेश शासनाचे असून त्याचा कारभार भोपाळपर्यंत जातो. या दोन्ही ठिकाणी अन्याय किंवा गैरव्यवहार झाला तर सामान्य माणसाने कोणाकडे दाद मागायची, आणि आतली गोष्ट उघड करणाऱ्याला कोण सांभाळायचे, या प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडत गेली. त्यातली काही उत्तरे याच मुलखातून देशाला मिळाली. काही मात्र या मुलखाला अजून मिळालेली नाहीत.

१८६१चा पाया

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून तयार झाला. तेव्हा तो मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. त्याआधी सहा वर्षे, १८६१ मध्ये, ब्रिटिश सरकारने देशाला पोलीस कायदा दिला होता. १८५७च्या उठावानंतर केलेल्या या कायद्याचा हेतू राज्य सांभाळणारे शिस्तबद्ध दल उभे करण्याचा होता. पोलीस जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली राहिले आणि जिल्हा दंडाधिकारी सरकारला जबाबदार राहिला. प्रजेला जबाबदार राहण्याची तरतूद त्यात नव्हती.

कर्तव्यात कसूर किंवा ताब्यातल्या माणसावर विनाकारण अत्याचार केल्यास कलम २९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड होऊ शकत असे. पण कलम ४२ने फिर्यादीला मुदत घातली होती: कृत्य घडल्यापासून तीन महिन्यांत फिर्याद, आणि तिच्याआधी महिनाभराची लेखी नोटीस. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या निरक्षर शेतकऱ्याला किंवा बैहरच्या जंगलातल्या बैगा, गोंड माणसाला ही वाट जवळजवळ बंदच होती.

१८७२च्या पुरावा कायद्याने मात्र एक मोठी गोष्ट केली. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात ग्राह्य धरायचा नाही, असे त्याने ठरवले. मारहाण करून कबुली घेतली जाते हे सरकारला ठाऊक होते, आणि त्यावर हा कायदेशीर उतारा होता. हे तत्त्व आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही टिकून आहे.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने पोलीस आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर यांची नोकरीतली बरीच वर्षे मध्य प्रांतातच गेली होती. पोलीस दल अकार्यक्षम आहे, त्यावर देखरेख अपुरी आहे आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात, असा या आयोगाचा निष्कर्ष होता. सरकारने नेमलेल्या आयोगानेच हे लिहून ठेवले, हे महत्त्वाचे. सुधारणा झाल्या त्या भरती, प्रशिक्षण आणि गुन्हे अन्वेषण शाखेच्या. नागरिकाची तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली नाही.

नागपूरहून जबलपूरकडे

१९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय झाले आणि बालाघाटच्या पक्षकाराला दाद मागण्याचे शेवटचे मोठे ठिकाण शेजारच्या शहरात मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. बाजारहाट, सोयरीक आणि बोली यांचे धागे गोंदिया-भंडाऱ्याशी जोडलेले राहिले, कायद्याची वाट मात्र वेगळी झाली. महाराष्ट्राने १९५१चा मुंबई पोलीस कायदा चालवला. मध्य प्रदेशात १८६१चाच कायदा चालू राहिला. सीमेवरच्या बावनथडी आणि वाघ नद्यांच्या दोन काठांवरच्या पोलिसांची कायदेशीर बैठक अशी वेगवेगळी झाली.

याच काळात खाणींची मालकीही बदलली. ब्रिटिश कंपनीकडच्या खाणी घेऊन १९६२ मध्ये मॅंगनीज ओर इंडिया लिमिटेड, म्हणजेच आजची मॉइल, स्थापन झाली. १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. भरवेलीच्या खाणीतला व्यवहार त्यामुळे केंद्राच्या दक्षता यंत्रणेखाली आला. पुढे ही बाब फार महत्त्वाची ठरली.

देसाईगंजचा खटला

पोलिसांच्या ताब्यातल्या अत्याचाराबाबत देशाचा कायदा बदलवणारे प्रकरण याच झाडीपट्टीत, शेजारच्या पूर्व विदर्भात, घडले. २६ मार्च १९७२च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, अशी खंडपीठाची भूमिका होती. १९७८ मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नसल्याचा आधार घेऊन ही शिक्षा रद्द केली.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठाण्यात, रात्री, दोन पोलिसांसमोर एकट्या गरीब मुलीने प्रतिकार केला नाही म्हणून संमती कशी गृहीत धरता, असा त्यांचा सवाल होता. देशभर स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. ताब्यातील बलात्कार हा वेगळा, कठोर शिक्षेचा गुन्हा झाला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर पीडितेने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेची ओळख उघड करण्यावरही बंदी आली.

कोठडीतले मृत्यू आणि नवे नियम

मध्य प्रदेशातल्या रामपुरा ठाण्यात ऑक्टोबर १९८१ मध्ये ताब्यातल्या माणसाचा मारहाणीने मृत्यू झाला. ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध श्यामसुंदर त्रिवेदी’ या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची निर्दोष सुटका फिरवली. अशा प्रकरणात पोलीस सहकाऱ्याला वाचवायला गप्प बसतात, त्यामुळे प्रत्यक्षदर्शी पुराव्याचा हट्ट धरला तर गुन्हेगार मोकळेच राहतील, हे न्यायालयाने स्पष्टपणे मांडले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९६ मध्ये, डी. के. बसू खटल्यात अटकेचे अकरा नियम घालून दिले गेले: पोलिसाच्या छातीवर नाव, अटकेचा साक्षीदारासह पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी.

१९९३च्या कायद्याने राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला. कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांत द्यावी, असे त्याने राज्यांना कळवले. राज्य आयोगही झाले. पण आयोगाची शक्ती शिफारशीपुरतीच राहिली, आणि घटनेला वर्ष उलटले की तक्रार ऐकण्याची मुदत संपते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यू आणि बलात्काराची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करावी, असे बंधन आले.

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. त्यांचे अध्यक्षपद निवृत्त न्यायाधीशाकडे असावे, असे सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय प्राधिकरणे आणली. मध्य प्रदेशाने नवा पोलीस कायदाच केला नाही.

जागल्यांचे संरक्षण

पोलिसांवर बाहेरून अंकुश ठेवण्याइतकेच आतून बोलणाऱ्याला, म्हणजे जागल्याला, जपणेही आवश्यक असते. २००३ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा गया येथे खून झाला. नाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती पाळली गेली नव्हती. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्राने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाला जागल्यांच्या तक्रारी घेण्याचे व त्यांचे नाव गुप्त राखण्याचे अधिकार दिले. हा ठराव केंद्र सरकार आणि त्याच्या कंपन्यांपुरता आहे.

भरवेलीत त्याचा अर्थ असा होतो: मॉइलच्या खाणीतला कामगार कंपनीतला गैरव्यवहार बंद लिफाफ्यातून दक्षता आयोगाला कळवू शकतो. शेजारच्या ठाण्यातला शिपाई आपल्या वरिष्ठाने केलेली मारहाण कळवू पाहील तर हा ठराव त्याच्या कामाचा नाही, कारण तो राज्याचा नोकर आहे. उलट १९६६चा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायदा त्याला परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी बोलण्यासही मनाई करतो.

१३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमीन गैरव्यवहार त्यांनी उघड केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तपास सीबीआयकडे गेला. तरी खुनाचा छडा लागला नाही. ९ मे २०१४ रोजी जागल्या संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात राज्याच्या नोकरांविरुद्धच्या तक्रारींचीही सोय होती. पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. २०१५चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळले.

बालाघाटची तीन प्रकरणे

कायदा कागदावर राहिला त्याची किंमत बालाघाटने लगेच पाहिली. जून २०१५ मध्ये कटंगीचे पत्रकार संदीप कोठारी यांचे अपहरण झाले आणि जळालेला मृतदेह वर्धा जिल्ह्यात सिंदीजवळ सापडला. बेकायदा खाणकामाविरुद्धची न्यायालयातली तक्रार मागे घेण्यास त्यांनी नकार दिला होता, हे कारण पोलिसांनी तेव्हा सांगितले. मॅंगनीज पट्ट्यातली चोरी उघड करणाऱ्या या पत्रकाराला खाणीच्या दक्षता यंत्रणेचेही छत्र नव्हते आणि ठाण्याचेही नव्हते.

सप्टेंबर २०१६ मध्ये बैहर येथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रचारकाला पोलिसांनी मारहाण केल्याचा आरोप झाला. काही दिवसांतच अतिरिक्त पोलीस अधीक्षक आणि ठाणेदार यांच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला, निलंबनही झाले. सप्टेंबर २०२० मध्ये छत्तीसगडच्या सीमेवर कबीरधाम जिल्ह्यातला एक आदिवासी मध्य प्रदेश पोलिसांच्या गोळीने मेला. पोलिसांनी नक्षल चकमक सांगितली. तो मासे धरायला गेला होता, असे घरच्यांचे म्हणणे होते. शेजारच्या राज्याच्या सरकारला आवाज उठवावा लागला.

चकमकीतील प्रत्येक मृत्यूनंतर एफआयआर नोंदवावा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याने करावा आणि दंडाधिकारी चौकशी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी, मुंबईतील चकमकींच्या प्रकरणात, आधीच ठरवून दिले होते. बैहर आणि कबीरधामची प्रकरणे शेजारी ठेवली की दिसते ते स्पष्ट आहे: पाठीशी संघटना असली तर कारवाई दिवसांत होते, नसली तर कोणीतरी मोठ्याने बोलण्याची वाट पाहावी लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने एक अडथळा कमी केला. सरकारी नोकरावर खटला भरण्याच्या परवानगीचा निर्णय १२० दिवसांत न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. उरलेली दोन कामे कायदेमंडळाला नव्हे, सरकारलाच करायची आहेत. २०१४चा जागल्या संरक्षण कायदा लागू करण्यासाठी एक अधिसूचना पुरे आहे. मध्य प्रदेशात निवृत्त न्यायाधीशांच्या हाताखालची जिल्हा तक्रार प्राधिकरणे उभी करण्यासाठी २००६चा आदेश पुरे आहे. ही दोन्ही पावले उचलली गेली पाहिजेत, आणि ती उचलण्यासाठी भरवेलीतल्या किंवा इतर कुठल्याही गावच्या माणसाला आणखी एका मृत्यूची वाट पाहायला लावू नये.