‘दृढीकरण’ : एक शब्द, एक संस्कार आणि महाराष्ट्रीय ख्रिस्ती मंडळी

ख्रिस्ती धर्मांतील ज्या संस्काराला इंग्रजींत ‘कन्फर्मेशन’ म्हणतात त्याला मराठींत ‘दृढीकरण’ हें नांव रूढ झालें आहे. गोमंतकांत त्यालाच पोर्तुगीज वळणाचें ‘क्रिज्मांव’ हें नांव आहे. पहिल्या नांवाचा अर्थ बळकट करणें. दुसरें नांव अभ्यंजनवाचक ग्रीक ‘ख्रिस्मा’ शब्दापासून निघालेलें असून ‘ख्रिस्त’ म्हणजे अभिषिक्त हा शब्दहि त्याच कुळांतील आहे. बाप्तिस्मा, विवाह व अन्त्यविधि ह्यांच्याविषयीं आपल्याकडे थोडेंबहुत लिहिलें गेलें आहे. परंतु ह्या संस्काराकडे इतिहासाभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. वास्तविक महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाची दुसरी व तिसरी पिढी कशी घडली हें समजून घ्यावयाचें असेल तर ह्याच संस्काराचा मागोवा घेणें इष्ट आहे. प्रस्तुत लेखांत तो थोडक्यांत घेण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘दृढीकरण’ ह्यांतील ईकार हा व्याकरणांतील च्वि-प्रत्ययाचा आहे. जें आधीं तसें नव्हतें तें तसें होणें, म्हणजे अभूततद्भाव, हा त्या प्रत्ययाचा अर्थ पाणिनीनें सांगितला आहे. ‘शुक्लीकरण’ म्हणजे पांढरें नव्हतें तें पांढरें करणें. त्याच न्यायानें दृढ नव्हतें तें दृढ करणें म्हणजे दृढीकरण. परंतु करणारा कोण, आणि दृढ व्हावयाची वस्तु कोणती, हें हा शब्द सांगत नाहीं. ‘मुलाचें दृढीकरण’ ह्या प्रयोगांतील षष्ठी कर्त्याची धरली तर मुलगा कांहींतरी दृढ करतो असा अर्थ होतो. कर्माची धरली तर मुलालाच कोणीतरी दृढ करतें असा होतो. ही केवळ वैयाकरणांची काथ्याकूट नव्हे. ख्रिस्ती जगांत ह्या संस्कारावरून जो वाद चार-पांचशें वर्षें चालला आहे, तो सारा ह्या एका षष्ठींत सामावलेला आहे.

संस्काराचें मूळ नव्या करारांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ ह्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत दाखविण्यांत येतें. शोमरोनांतील लोकांचा बाप्तिस्मा झाल्यावर पेत्र व योहान तेथें गेले व त्यांनीं त्यांच्या मस्तकांवर हात ठेवले, असा तो प्रसंग आहे. आरंभीच्या शतकांत बाप्तिस्मा, अभ्यंजन व प्रभुभोजन हे विधि एकाच वेळीं होत. पूर्वेकडील मंडळ्यांत, आणि म्हणून केरळांतील सिरियन ख्रिस्ती लोकांच्या परंपरेंतहि, अर्भकाला बाप्तिस्म्याबरोबरच तेलाचें अभ्यंजन करण्याची चाल राहिली आहे. पश्चिमेकडे मात्र अभ्यंजनाचा अधिकार बिशपाकडे राखून ठेवल्यामुळें तो विधि बाप्तिस्म्यापासून सुटला. बिशप एक आणि गांवें अनेक. तो येईल तेव्हां संस्कार व्हावयाचा. अशा रीतीनें एका व्यावहारिक अडचणींतून दोन संस्कारांमध्यें वर्षांचें अंतर पडलें, आणि पुढें त्या अंतरालाच अर्थ प्राप्त झाला. १५४७ सालीं ट्रेंट येथील धर्मसभेनें सात संस्कारांत ह्याची गणना पक्की केली. रोमन कॅथलिक मतानें येथें कर्ता परमेश्वर होय. पवित्र आत्मा मनुष्याला दृढ करतो, बिशप हा त्याचें निमित्त आणि बालक हें कर्म.

आपल्या मुलुखांत हें मत पोर्तुगीजांबरोबर आलें. गोव्याचें बिशपपद १५३३ सालीं निर्माण झालें. ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स ह्याची कोंकणी प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथें छापली गेली. देशी भाषेंतून धर्मशिक्षण देण्याची परंपरा इतकी जुनी आहे. सोलापूरकरांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. १६३६ च्या तहानंतर सोलापूर आदिलशाहीच्या अमलाखालीं होतें. दुसऱ्याच वर्षीं, १६३७ मध्यें, रोम येथें मातेउश द कास्त्रु ह्यास बिशपपदाची दीक्षा मिळून आदिलशाही राज्यासाठीं त्याची नेमणूक झाली. हा गोव्याच्या दिवाडी बेटांतील ब्राह्मणकुळांत जन्मलेला गृहस्थ. लॅटिन पंथांतील पहिला भारतीय बिशप तो हाच. गोव्यांतील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांशीं त्याचें पटलें नाहीं व त्यानें आदिलशाही हद्दींतील डिचोली येथें ठाणें केलें. सोलापुराकडे त्याची पावलें वळलीं असें येथें सुचवावयाचें नाहीं. परंतु ज्या राज्यांत हें नगर होतें त्या राज्याकरितां नेमलेला, दृढीकरणाचा अधिकार असलेला पहिला पुरुष ह्याच भूमींतला होता, एवढें निश्चित.

आतां दुसरें मत पाहूं. धर्मसुधारणेच्या पुरस्कर्त्यांनीं ह्या विधीस संस्कार मानण्याचें नाकारलें. पण अर्भकांचा बाप्तिस्मा त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं चालू ठेवला. त्यामुळें प्रश्न उभा राहिला कीं, पाळण्यांत असतां दुसऱ्यांनीं ज्याच्या वतीनें वचन दिलें त्यानें तें आपलें म्हणून केव्हां व कसें पत्करावें? ह्याचीं दोन उत्तरें योगायोगानें एकाच वर्षीं, १६६२ मध्यें, अटलांटिकच्या दोन तीरांवर दिलीं गेलीं. इंग्लंडांत त्या सालच्या प्रार्थनापुस्तकांत बिशपानें हात ठेवण्यापूर्वीं उमेदवाराला एक प्रश्न विचारण्याची योजना झाली : बाप्तिस्म्याच्या वेळचीं वचनें तूं स्वतः दृढ करतोस काय? येथें क्रियापद तेंच राहिलें, परंतु कर्ता बदलला; उमेदवार वचन दृढ करतो आणि मग बिशप त्याच्या दृढतेसाठीं प्रार्थना करतो. तिकडे अमेरिकेंतील न्यू इंग्लंडांत बिशप मुळींच नव्हते. तेथें मंडळीसमोर स्वतःच्या अंतःकरणपालटाची साक्ष देईल तोच पूर्ण सभासद, असा पहिल्या वसाहतकऱ्यांचा दंडक होता. त्यांचीं मुलें मोठीं झालीं, संसारास लागलीं, पण साक्ष देण्यास पुढें येईनात. अखेर १६६२ सालीं बोस्टन येथील सभेनें ठरविलें कीं, अशा सदाचारी लोकांच्या मुलांस बाप्तिस्मा द्यावा, मात्र प्रभुभोजनास त्यांना स्वतःला घेऊं नये. ह्या तडजोडीला पुढें लोकांनीं ‘अर्धा करार’ असें नांव ठेवलें. पहिल्या पिढीची तळमळ दुसऱ्या पिढीला वारसाहक्कानें मिळत नाहीं, हा त्या नांवाचा मथितार्थ.

हीं दोन्ही उत्तरें एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांत येऊन पोंचलीं. अँग्लिकन पंथाचा भारतांतील पहिला बिशप १८१४ सालीं कलकत्त्याकरितां नेमला गेला. मुंबईस स्वतंत्र बिशप १८३७ सालीं मिळाला. न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांचे वारस असलेले अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. १८३१ सालीं अहमदनगर हें त्यांचें केंद्र झालें आणि त्या शतकाच्या उत्तरार्धांत चार्ल्स हार्डिंग प्रभृतींनीं सोलापुरास काम चालविलें. त्यांच्या परंपरेंत बिशप नव्हता व अभ्यंजनहि नव्हतें. उमेदवाराची परीक्षा घ्यावयाची, त्यानें मंडळीसमोर विश्वास प्रकट करावयाचा, आणि मंडळीनें त्यास प्रभुभोजनास घ्यावयाचें, एवढाच विधि. येथें दृढ करणारी मंडळी होय. रोमन कॅथलिक व्यवस्थेंत पुण्याचा धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला व सोलापूर त्यांत मोडतें. अशा रीतीनें दृढीकरणाच्या कर्त्याविषयींचीं तिन्ही मतें आपल्या प्रांतांत शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं.

पहिल्या पिढीला मात्र ह्या प्रश्नाची जरूरच भासली नाहीं. प्रौढ वयांत बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, जात व बहुधा वडिलार्जित हक्क सोडावे लागत. असल्या मनुष्याच्या निश्चयाला निराळ्या दृढीकरणाची कसली आवश्यकता? परंतु निश्चय करणाऱ्याचें वय हा प्रश्न तेव्हांहि होता, आणि तो देवळांत नव्हे तर न्यायालयांत सोडविला गेला. १८३९ सालीं मुंबईस डॉ. जॉन विल्सन ह्यांच्याकडे धनजीभाई नौरोजी ह्या पारशी तरुणानें बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें. त्याचें वय सुमारें सतरा वर्षांचें होतें. कोर्टानें त्यास त्याच्या इच्छेप्रमाणें जाण्यास मोकळीक दिली. चारच वर्षांनीं, १८४३ सालीं, नारायण शेषाद्रि ह्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. तो अल्पवयी म्हणून कोर्टानें त्याला वडिलांच्या स्वाधीन केलें. त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें ह्यासाठीं बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं कसून खटपट केली व सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, हें सर्वश्रुत आहे. दोन खटल्यांत न्यायाधीशांपुढें जो प्रश्न होता तोच दृढीकरणाचाहि प्रश्न आहे : मनुष्याचा शब्द त्याचा स्वतःचा केव्हां होतो?

आपल्या शास्त्रांनींहि ह्याचा विचार केलेला आहे. गृह्यसूत्रांनीं उपनयनास ब्राह्मणाला आठवें, क्षत्रियाला अकरावें व वैश्याला बारावें वर्ष सांगून सोळा, बावीस व चोवीस वर्षांच्या पुढील मर्यादाहि घालून दिल्या. सिद्धरामांच्या ह्या नगरींत तर याहून जवळचें उदाहरण नित्य पाहण्यांत येतें. वीरशैवांत अर्भकाला जन्मल्यावर लवकरच लिंगधारणा होते, आणि समज आल्यावर गुरूकडून दीक्षा मिळते. एक संस्कार कुळाच्या वतीनें, दुसरा स्वतःच्या जाणिवेनें. ही जोडी ख्रिस्ती जोडीशीं पुष्कळच मिळतीजुळती आहे. साम्य दाखवितांना भेदहि विसरतां कामा नये. स्मृतींतील उपनयन त्रैवर्णिक पुरुषापुरतें राहिलें. दृढीकरण जन्मानें वा लिंगानें कोणासहि वगळीत नाहीं. ज्या समाजांतील बहुसंख्य लोकांना पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याहि वैदिक संस्काराचा अधिकार नव्हता, त्यांच्या मुलामुलींनीं चारचौघांसमोर उभें राहून आपलें नांव घेऊन ‘होय’ म्हणावें, ह्या गोष्टीचें महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांतील मोल फार मोठें आहे.

विसाव्या शतकांत ह्या विचाराला दोन वळणें मिळालीं. कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ स्थापला व त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेंच स्थान दिलें. संस्थेच्या वहींतील नोंद म्हणजे अंतरींची दृढता नव्हे, हा त्याचा अर्थ. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, निर्माण झाली. त्यांत बिशप असलेली अँग्लिकन परंपरा होती, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यांत सामील झाल्या होत्या तें संयुक्त चर्चहि होतें. ज्यांनीं आयुष्यभर मंडळीसमोरील साक्षीवर प्रभुभोजन घेतलें त्यांना बिशपाचा हात मस्तकावर नाहीं म्हणून कोणी अपुरें ठरविलें नाहीं. सर्वांचें सभासदत्व जसेंच्या तसें मान्य झालें. ह्यांत वादाचा निकाल लागला नसला तरी तिन्ही कर्त्यांना एका छपराखालीं आणण्याचें शहाणपण दिसून आलें.

रोमन कॅथलिक धर्मग्रामांतहि बदल झाला. १९१० सालीं दहाव्या पायस पोपनें पहिल्या ख्रिस्तप्रसादाचें वय सुमारें सात वर्षांवर आणल्यामुळें दृढीकरण पुष्कळ ठिकाणीं त्याच्या मागून येऊं लागलें. १९७१ सालीं सहाव्या पॉलनें विधीची नवी मांडणी केली. धर्मासाठीं सोसण्याची तयारी म्हणून बिशप गालावर जी हलकी चापट मारीत असे ती तेव्हांपासून गेली. आतां महाराष्ट्रांत हा संस्कार सामान्यतः शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलामुलींना मिळतो. त्याआधीं धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, कोणीतरी प्रौढ व्यक्ति पाठीराखा म्हणून मागें उभी राहते, बिशपाच्या येण्याचा दिवस सणासारखा पाळला जातो. आणि नेमक्या येथेंच आजची अडचण उभी आहे. संस्कार उरकला कीं वर्ग संपतात व पुष्कळ तरुण देवळाकडे पाठ फिरवितात, अशी तक्रार जगांतील बहुतेक मंडळ्यांत ऐकूं येते. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर, जें उपनयन व्हावयाचें तेंच समावर्तन होऊन बसतें. गुरूकडे नेण्याचा विधि गुरुगृहांतून निरोप घेण्याचा ठरतो.

ह्यावर वय वाढवावें कीं कमी करावें, ह्याची चर्चा धर्मपंडित करोत. इतिहासाची साक्ष एवढीच आहे कीं, ज्या ज्या वेळीं तीन कर्त्यांपैकीं एकावरच सारा भार टाकण्यांत आला, त्या त्या वेळीं संस्कार दुबळा झाला. बिशपावर टाकला तेव्हां तो बिशपाच्या प्रवासावर अवलंबून राहिला. केवळ तरुणाच्या साक्षीवर टाकला तेव्हां न्यू इंग्लंडांत अर्धा करार करावा लागला. आणि मंडळीची मान्यता ही नुसती नोंद झाली तेव्हां टिळकांसारख्याला वहीबाहेर दरबार भरवावा लागला. ‘दृढीकरण’ ह्या शब्दानें कर्ता अध्याहृत ठेवला ही त्याची उणीव मानण्याचें कारण नाहीं. श्रद्धाळू मनुष्य त्या जागीं देवाचें नांव घालील. परंतु मंडळीनेंहि ती जागा आपली समजून भरली पाहिजे. कारण पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वा मुलगी भर सभेंत ‘होय’ म्हणते त्या क्षणीं तिचा शब्द दृढ झालेला नसतो, तो केवळ उच्चारलेला असतो. च्वि-प्रत्ययाचा अर्थ आधीं नव्हतें तें होणें हा आहे, आणि होण्याला काळ लागतो. तो काळ तिच्याबरोबर कोण काढणार, ह्याच्या उत्तरावरच ह्या संस्काराचा आजचा अर्थ अवलंबून आहे.