वारुळांतील शिपाई

हेन्री स्मीथमन १७७१ मध्यें सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर उतरला तो कीटक व वनस्पति गोळा करण्यासाठीं. तेथील दहा-बारा फूट उंचीचीं वारुळें पाहून त्याचें मन वाळवीकडे वळलें. १७८१ मध्यें रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध आजही गोडीनें वाचतां येतो. त्याच्या दोनच वर्षें आधीं, आपल्या देशांत त्रांकेबारच्या डॅनिश वसाहतींत आलेल्या कोनिग या लिनीअसच्या शिष्यानें वाळवीवर जर्मन भाषेंत लिहिलें होतें. पण कीर्ति लंडनच्या निबंधास मिळाली!

वारुळास घाव बसतांच एखादा शिपाई बाहेर येतो, कधीं परत आंत जातो, आणि मग त्यांचे लोंढे लोटतात. एकदां चावा घेतला कीं अंगाचे तुकडे झाले तरी जबडा सुटत नाहीं. शत्रु दूर झाला म्हणजे शिपाई मागें वळतात व कामकरी तोंडांत चिखल घेऊन खिंडार बुजवूं लागतात. हें सारें स्मीथमननें बारकाईनें टिपलें. शंभर कामकऱ्यांमागें एक शिपाई, हा हिशेबही त्याचाच. राजा, राणी, शिपाई, मजूर ही भाषा मात्र त्यानें स्वदेशांतून बरोबर नेली होती, असें मला वाटतें.

पण कुदळ घेऊन येणारा मनुष्य हा वाळवीचा नित्याचा वैरी नव्हे. तो मान मुंगीचा. आणि मुंगीची वाट अरुंद भुयारांतून आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे शिपायाच्या शरीराचा अर्थ उलगडतो. बहुतेक जातींत तो आंधळा असतो. जबडे असे वाढलेले कीं स्वतः खातां येत नाहीं. कामकऱ्यांनीं भरवावें लागतें. कांहीं जातींत तो आपल्या टणक डोक्यानेंच भुयाराचें तोंड बुचासारखें बंद करितो. कांहींत डोक्यास पुढें सोंडेसारखी नळी असून तींतून उडणारा चिकट रस मुंगीचे पाय जखडून टाकितो.

तथापि युद्ध शिपायांचें व श्रम कामकऱ्यांचे, ही सोईस्कर वांटणी टिकली नाहीं. फ्रेंच गियानांतील एका जातीविषयीं २०१२ मध्यें शोध प्रसिद्ध झाला. तींतील कामकऱ्यांच्या पाठीवर वयाबरोबर निळे स्फटिक सांठत जातात. शत्रूनें गांठतांच कामकरी आपलें शरीर फोडून घेतो, आणि ते स्फटिक लाळेच्या रसांत मिसळून विष तयार होतें. ज्यांचे जबडे झिजले व कुरतडण्याचें काम मंदावलें, अशा म्हाताऱ्यांजवळच हे स्फटिक सर्वांत अधिक असतात.