बाळ फारच शांत आहे

आमच्या वणीत कौतुकानं म्हणतात, ‘लेकरू मोठं गुणाचं आहे, रडतच नाही.’ गडचिरोलीच्या कामाबद्दल वाचल्यापासून हे वाक्य कानावर आलं की मला धसका बसतो.

वणीहून चंद्रपूर आणि तिथून पुढे गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून तिथे आहे. १९९५ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळं दगावायचं एक मोठं कारण होतं सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग. गावात रक्त तपासायची सोय कुठली? म्हणून खुणा ठरल्या. आधी जोरात रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय सैल पडले, अंग गार लागलं... सातांपैकी दोन खुणा एकाच वेळी दिसल्या की आईवडिलांना विचारून जेंटामायसिनचं इंजेक्शन. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं होतं.

या खुणांमध्ये बहुतेक ठिकाणी काहीतरी कमी होतंय. मोठा माणूस संसर्गानं फणफणतो, धापा टाकतो. बाळ मंदावतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा तर श्वासच वीस-वीस सेकंद थांबतो. असं का?

याचं पहिलं सूत मेंढीच्या गर्भात सापडलं. पोटातलं कोकरू श्वासाच्या हालचाली करतं, पण थांबून थांबून. १९७९ मध्ये संशोधकांनी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होणं औषधानं रोखलं, आणि त्या हालचाली वाढल्या. म्हणजे हे रसायन पोटात श्वासाला लगाम घालत होतं. ते वारेतून भरपूर येतं. जन्मानंतर त्याचं प्रमाण उतरतं आणि लगाम सुटतो.

२००७ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेनं नवजात उंदरांवर पुढचा दुवा जोडला. संसर्गात शरीर इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचं संदेशद्रव्य सोडतं. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि ते मेंदूच्या बुडाशी असलेल्या श्वासकेंद्राला मंद करतं. हे रसायन बनवणारं एन्झाइम ज्या पिलांत नव्हतं, त्यांचा श्वास तसा मंदावला नाही. मानवी बाळांच्या पाठीच्या पाण्यातही हे रसायन जास्त असलं, तर श्वास थांबण्याचे प्रसंग जास्त दिसले.

ताप आणणारं रसायनही हेच, बरं का. आमच्या धंद्यातले लोक ओळखतील: गर्भातला जुना कोड कुणी काढलाच नाही, आणि दाहानं तो चुकून पुन्हा चालवला.

२०११ पासून देशभरातल्या आशाताई या पद्धतीनं घरभेटी देतात. ठरलेल्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या गावांतही एखादी आशाताई दारात येते, बाळाला उघडं करून निरखते आणि आईला विचारते, “कालच्यासारखं पितंय का गं?”